मोटारीत पाय न ठेवता

आगगाडीने समुद्रावर जायचं ठरवलं, तेव्हा मला मिळालेला पहिला सल्ला पेट्रोलबद्दल होता.

"सीमेवरच्या मार्तलाँजला टाकी भरून घ्या हं, ट्रिनीबाई," शेजारचे रेडिंग कुंपणावर कोपरं टेकून म्हणाले. "सीमा ओलांडली की भाव चढतो."

"रेडिंग, मी आगगाडीने चाललेय."

"हो हो, तुम्ही म्हणालात मघाशी." ते क्षणभर विचारात पडले. "पण टाकी भरून घ्याच."

त्यांचा दोष नाही. लक्झेंबर्गमध्ये मूल आधी रांगतं, मग चालतं, मग मोटार घेतं. आणि एकदा मोटार घेतली की चालणं पुन्हा रांगण्याच्या वयासाठी राखून ठेवतं. आमच्या गल्लीत माणसं कमी आणि मोटारी जास्त. ज्या घरी माणूस एकटा, तिथेही दारात दोन उभ्या असतात, एकमेकींना सोबत म्हणून. माझ्या दारात मात्र वसंतापासून एकही नाही. माझ्या डोळ्यांच्या मधोमध एक धूसर ठिपका आलाय. लहानसाच आहे, पण डॉक्टरांच्या मते त्यात एखादा सायकलवाला सहज मावेल. म्हणून परवाना गेला आणि मागोमाग मोटार गेली. आणि एका रविवारी जेवणाच्या टेबलावर, वाफाळत्या बटाट्यांच्या शेजारी, माझ्या मुलाने, क्लोदने, एक गुळगुळीत रंगीत पुस्तिका ठेवली. वृद्धांसाठीचं निवासस्थान. मुखपृष्ठावर एक म्हातारी कुंडीकडे बघून हसत होती. कुंडीत काय विनोदी होतं ते दिसत नव्हतं.

"आई, समजून घे," क्लोद म्हणाला. "घर वर, बस खाली. मधे हा चढ. मोटारीशिवाय इथे राहता येत नाही गं कुणाला."

"मी राहतेच आहे की."

"राहतेस. पण कुठे जाऊ शकतेस?"

आता हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. बाईमाणसाला म्हातारी म्हणा, हट्टी म्हणा, ती बटाटे वाढत राहील. पण कुठे जाऊ शकतेस असं विचारलं, की तिच्या पायांना आतून कुणीतरी हाका मारायला लागतं.

"समुद्रावर," मी म्हणाले. "आणि तिथून एका शहरात. तीन दिवस. जाईन आणि परत या दारात येईन, मोटारीत पाय न ठेवता. टॅक्सीतसुद्धा नाही. आले, तर या पुस्तिकेतल्या बाईचं नाव माझ्या टेबलावर पुन्हा निघायचं नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर माझं सामान तूच बांध."

क्लोदने हात पुढे केला, मी दाबला. "मी साक्षीला आहे," माझी नणंद म्हणाली, आणि तिथेच माझ्या सहलीला पहिलं गालबोट लागलं.

नेट्टी ही माझ्या एमिलची थोरली बहीण. एमिल गेला, पण नणंद वारशाने माझ्याकडे राहिली. ती शाळेची मुख्याध्यापिका होती; निवृत्त झाली हे तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. "एकटी जाशील आणि येऊन काहीबाही सांगशील," ती म्हणाली. "मी बरोबर येणार. अट म्हणजे अट."

तयारीला मी ग्रामकचेरीत गेले. आगगाड्यांचं छापील वेळापत्रक मागितलं. तिथली मुलगी माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी घोड्याची नाल मागितलीय. छापील मिळत नाही, फोनवर बघा, म्हणाली. फोनवर बघायला गेले, तर फोनने विचारलं, तू यंत्र तर नाहीस ना? नसशील तर या चौकटींमधल्या सायकली दाखव. मला एकही सायकल दिसली नाही. म्हणजे डॉक्टर बरोबरच होते.

मग कचेरीने माझ्याकडे एक प्रवास-सल्लागार बाई धाडल्या. नागरिकांना मोटारीवाचून फिरायला शिकवणं हेच त्यांचं काम. त्या मोटारीने आल्या. लावायला जागा मिळेना म्हणून त्यांनी गल्लीला तीन चकरा मारल्या आणि घामेजून आत येत विचारलं, "तुम्हाला सोडायला घरचं कुणी नाही का?"

शेवटी भिंग घेऊन, कागद खिडकीशी धरून, सगळा बेत मीच आखला. बस कुठली, फलाट कुठला, बेल्जियमच्या किनाऱ्यावर ओस्टेंडला खोली कशी, खिडकी कुणीकडे, पाऊस आला तर काय, नेट्टी बोलत राहिली तर काय. गल्लीतल्या झाडून सगळ्यांनी सल्ले दिले. कुणी छत्री सांगितली, कुणी गुडघ्याचं मलम. आणि एक गोष्ट ना मला सुचली, ना गल्लीत कुणाला.

ती सीमेपलीकडच्या आर्लोंच्या पुढे कळली. सप्टेंबरचं कोवळं ऊन खिडकीतून मांडीवर आलं होतं. नेट्टीच्या मांडीवर आलुबुखाराच्या टार्टचा डबा होता, माझ्या पिशवीत मऊ चीजची बरणी. तेवढ्यात बेल्जियन तपासनीस आमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तिकीट?"

आम्ही त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिलो.

"मादाम, तिकीट?"

"कसलं?" नेट्टीने विचारलं.

हे सांगायला हवं की आमच्याकडे बस, ट्राम, आगगाडी, सगळं फुकट आहे. चढायचं, बसायचं, उतरायचं. तिकीट नावाची वस्तू आम्ही विसरून गेलोय, जसं माणूस बालपणीचा गोवर विसरतो. पण ही पुण्याई सीमेपाशी संपते, आणि सीमा तर कधीच गवताच्या एका पट्ट्यासारखी मागे पडली होती.

"तुम्ही लक्झेंबर्गच्या ना?" तपासनीस म्हणाला.

"कसं ओळखलंत?"

"बिनतिकिटाचे बाकीचे लोक संडासात लपतात. तुमचे लोक मला खाऊ देतात." खरंच, नेट्टीने एव्हाना टार्टचा तुकडा पुढे केला होता.

दंडासकट तिकिटं झाली. सगळा डबा आमच्याकडे बघत होता. अडतीस वर्षं मुलांना शिस्त लावलेली नेट्टी आणि चर्चच्या गायकवृंदातली मी, दोघी चोर! "कुणाला सांगायचं नाही," नेट्टी ओठ न हलवता म्हणाली. तपासनीसाने मात्र टार्ट खाल्ला. दंड घेऊन वर खातो, म्हणजे माणूस आपल्याच कुळीतला निघाला.

ब्रसेल्सला आम्ही गाडी बदलली. समुद्राकडे जाणारी गाडी आहे ना, एवढंच मी विचारलं. कुठल्या समुद्राकडे, असं कुणी विचारलं नाही, आणि समुद्र एकच आहे अशी माझी समजूत होती. डब्यात गर्दी. नेट्टीला गाडीच्या दिशेने तोंड करूनच बसावं लागतं, उलटं बसलं की तिला आयुष्य मागे जातंय असं वाटतं. तशी जागा पुढच्या डब्यात एकच होती. ती टार्ट घेऊन तिकडे गेली. जाताना स्वतःचा फोन माझ्या पिशवीत टाकून गेली. "माझे हात भरलेत," म्हणाली.

ब्रूझला गाडी बराच वेळ थांबली. फ्लेमिश भाषेत काहीतरी गंभीर सांगितलं गेलं. मग एक हलकासा हिसका बसला आणि मी खिडकीतून पाहिलं, तर आमच्या गाडीचा पुढचा अर्धा भाग नेट्टीला घेऊन निघून चालला होता.

"काही नाही हो," समोरचा माणूस पेपरातून डोकं न काढता म्हणाला. "ती क्नोकेला जाते. आपण ब्लांकनबर्गला."

"आणि ओस्टेंडला?"

"ती गाडीच वेगळी."

माझ्या मनात ओळी आपोआप जुळतात, ही जुनी खोड. लग्नाबारशाला गावात मीच गाणी रचून देते. त्या हिसक्यासरशी ओळ आली:

*नणंद-भावजया दोघी समुद्राला गं निघाल्या*
*वाटेत गाडी दुभंगली, दोघी दोन दिशा झाल्या*

चाळीस वर्षं मनोमन मागितलेलं देवाने आत्ता, या अशा वेळी दिलं होतं.

ब्लांकनबर्गला उतरले. खारा वारा तोंडावर आला, पण समुद्राकडे बघायला वेळ कुणाला? किनाऱ्याच्या कडेकडेने एक ट्राम धावते, एका गावातून दुसऱ्या गावात, जशी सुई टाके घालत जावी. क्नोकेच्या दिशेची ट्राम मी पकडली. मधे बंदरातल्या माल उचलणाऱ्या याऱ्या, बोटी, वाळूचे ढीग. आणि समोरून एक ट्राम आली. तिच्या खिडकीत, ताठ बसलेली, मांडीवर डबा, तोंड गाडीच्या दिशेने, नेट्टी!

मी काचेवर हात आपटला. तिनेही आपटला. दोन्ही ट्रामा आपापल्या वाटेने गेल्या.

मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि विचार केला. नेट्टी हुशार आहे. ती आता मागे फिरून माझ्याकडे येणार. तेव्हा मी जागची हलता कामा नये. बाकावर बसले. तिकडे ब्लांकनबर्गच्या बाकावर नेट्टी बसून हाच विचार करत होती, हे मला मागाहून कळलं. एक ट्राम आली, गेली. दुसरी आली, गेली. नेट्टीला फोन लावला, तर तो माझ्याच पिशवीत वाजला. तो बंद करते न करते तोच माझा वाजला. क्लोद.

"आई, सगळं ठीक?"

"झकास."

"आत्या काय करतेय?"

"समुद्र बघतेय," मी म्हणाले. बहुतेक खरंच असावं.

"दे तिला फोन."

"तिचं तोंड भरलंय. टार्ट खातेय." हेही पुढे खरं निघालं, अर्धा टार्ट संपला होता.

क्लोदचा आवाज मऊ झाला, आणि तो मऊ झाला की मला भीती वाटते. "आई, दमली असशील तर सांग. संध्याकाळपर्यंत पोचतो मी तिथे. कुणी हसणार नाही तुला."

वारा सुटला होता. वाळूचे कण बुटात, केसात, दातात. मोठ्ठी मोटार, गरम आसन, मुलगा शेजारी. काय वाईट होतं त्यात? फक्त एक शब्द. आणि मग ती कुंडीकडे बघून हसणारी बाई.

"फोन ठेव," मी म्हणाले. "समुद्राचा आवाज ऐकू येत नाहीये."

आता प्रश्न एवढाच होता की कुणी उठायचं. लग्न झाल्यापासून नेट्टीकडे मीच जात आले. भांडण कुणाचंही असो, केक घेऊन दार मी वाजवायचं. आज मी का उठू? नाहीच उठत! असा बाणेदार विचार करून मी आणखी एक ट्राम सोडली. मग लक्षात आलं की या बाण्याने आम्ही दोघी दोन बाकांवर नाताळापर्यंत बसू आणि पैज क्लोद जिंकेल. उठले. ट्राम पकडली. बंदराच्या थांब्याला ट्राम लागली आणि पलीकडच्या रुळांवर समोरूनही एक येऊन थांबली. खिडकीत डबा.

मी उडी टाकली म्हणा ना. तिकडून नेट्टीही उतरली. मधे रूळ.

"मी येते!" मी ओरडले.

"नाही, मी येते!"

"तू गाडीत परत चढू नकोस फक्त!"

"मला अक्कल शिकवू नकोस! फलाट सोडून गेलं कोण?"

"फलाट मी सोडला? तुझा डबा गेला, तू गेलीस!"

दोन्ही ट्रामांचे चालक खिडकीतून वाकून बघायला लागले. उतारू उठून एका बाजूला आले. नेट्टीने डबा छातीशी धरला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, शाळेतल्या मुलांना शिकवायची अगदी तस्सं, आणि रूळ ओलांडून माझ्याकडे चालत आली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. जवळ आली आणि तिने डब्याचं झाकण उघडलं.

"अर्धा ठेवलाय तुला," ती म्हणाली.

आम्ही तो तिथेच, उभ्यानेच खाल्ला. इतका खारट गोड पदार्थ मी पुन्हा खाल्लेला नाही.

ओस्टेंडला पोचेपर्यंत पाय म्हणजे दोन ओंडके झाले होते. आणि खोली किनाऱ्याच्या त्या लांबच लांब फरसबंद वाटेच्या पार दुसऱ्या टोकाला. वाटेवर भाड्याच्या पायडलगाड्या होत्या. दोघींनी शेजारी बसायचं, पाय मारायचे, डोक्यावर पट्ट्यापट्ट्यांचं छत. माझे डोळे भरून आले.

"ही घेऊ या."

नेट्टीने गाडीभोवती एक फेरी मारली. "चाकं चार आहेत."

"नेट्टी, हिला इंजिन नाही."

"सुकाणू आहे. आसन आहे. हॉर्न आहे." तिने तो वाजवूनही पाहिला. "मी साक्षीदार आहे, ट्रिनी. क्लोदने विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही."

"अगं, पोरंटोरं चालवतायत!"

"पोरांनी पैज लावलेली नाही."

गेलो चालत. मी पुढे, ती मागे, मधे अबोला. शेवटी मीच बूट काढले, मोजे काढले आणि सरळ वाळूवरून पाण्याकडे निघाले. राखाडी, थंडगार, घोट्याशी लगट करणारं पाणी. लाट यायची, पायाखालची वाळू हळूच काढून न्यायची, आणि तरी मी उभीच. समुद्राच्या मधोमधही माझा ठिपका होता, पण समुद्राला मधलं असं काही नसतंच. कुठूनही बघा, तो पुरतो. मागे पाण्याचा चुबुक आवाज झाला. नेट्टी. घागरा गुडघ्यापर्यंत धरून.

"एमिलने किती वेळा आणलं असेल गं आपल्याला इथे," ती म्हणाली, "आणि दर वेळी मोटार लावायला जागा शोधण्यात दिवस गेला."



दुसऱ्या दिवशी ठरलेलं शहर, गेंट, आणि गेंटला पाऊस. तिथले तीन बुरूज एका रांगेत दिसतात म्हणून पुलावर उभं राहायचं असतं. मला दोन दिसले, मधला ठिपक्यात गेला. मान वळवली, तो आला, कडेचा गेला. तिन्ही एकदम बघायची हाव मी सोडली आणि एकेकाला आळीपाळीने भेटले. नेट्टी छत्रीखाली जांभळ्या, नाकाच्या आकाराच्या गोळ्या चोखत होती. एक फोडली की आतला पाक बोटांवरून कोपरापर्यंत जातो. त्या चिकट अवस्थेत क्लोदचा फोन आला.

"आई, निवासातून निरोप आलाय. एक खोली रिकामी झाली. दक्षिणेकडची. सोमवारी कळवायचंय, नाहीतर दुसऱ्याला देतील. हो म्हणून ठेवू?"

"पैज रविवारपर्यंत आहे."

"आई, बस काही वरपर्यंत येत नाही. खालीच सोडते. तीन दिवस भटकून, सामान घेऊन तू तो चढ चढणार? आत्तापर्यंत जमलं, कौतुक आहे तुझं. पण खरंच, पुरे की आता."

पुलावर पाऊस वाजत होता. कौतुक आहे तुझं! शिव्या दिल्या असत्या तर मी त्याला माफ केलं असतं.

"दक्षिणेकडची खोली तू घे," मी म्हणाले. "तुला ऊन आवडतं."

नेट्टीने गोळी चोखायची थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग तिने पुडी पुढे केली, आणि पुडीत शेवटचीच होती.

परतीच्या प्रवासात काही घडलं नाही, हे मी जरा नाराजीनेच नोंदवते. रविवारी दुपारी बसने आम्हाला चढाच्या पायथ्याशी सोडलं, आणि तिथे योगायोगाने, अगदी योगायोगाने, क्लोदची काळी मोटार उभी. इंजिन चालू. मागचं दार उघडं.

"इथून जातच होतो," तो म्हणाला.

"जा की मग," मी म्हणाले, आणि पिशवी खांद्याला लावली.

मागे दार धाडकन बंद झाल्याचा आवाज आला. वळून बघते, तर नेट्टी आत! पट्टासुद्धा लावलेला.

"नेट्टी!"

"अट तुझी आहे गं," तिने काच खाली केली. "मी साक्षीला होते. बसून दिसतं मला."

मी चढायला लागले. मोटारही. माझ्या शेजारून, पहिल्या गिअरमध्ये, गुरगुरत, पावलाला पाऊल लावून. क्लोद खिडकीतून, "आई, निदान पिशवी दे." नेट्टी मागच्या खिडकीतून, "पाठ ताठ ठेव! श्वास नाकाने घे!" दारं उघडायला लागली. रविवारचं जेवण सोडून गल्ली बाहेर आली. रेडिंग हातात रुमाल घेऊन फाटकाशी उभे राहिले, कुणाच्या मयताला उभं राहावं तसे, आणि बहुधा त्यांचा तसाच समज झाला असावा. कडेने मी पायी, शेजारी हळूहळू काळी मोटार. नेट्टी आतून सगळ्यांना हात हलवत होती.

वळणाशी, जिथे चढ सगळ्यात उभा होतो, तिथे मी थांबले. दम लागला म्हणून नाही. लागला होता, पण म्हणून नाही. मी तिथे नेहमीच थांबते. तिथल्या भिंतीला एक दगड बाहेर आलेला आहे, तो पिशवी टेकायच्या बरोबर उंचीचा आहे.

शेजारचं इंजिन बंद झालं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज. क्लोद उतरला, दार तसंच उघडं टाकून माझ्याजवळ आला, आणि त्याने दगडावरची पिशवी उचलली. मी उचलू दिली. पिशवी मोटारीत बसू नये असं काही ठरलं नव्हतं, पण ती आता चालतच येणार होती.

चार घरं गेलो नसू, क्लोद धापा टाकायला लागला. त्याचा जन्म या चढावरचा, पण शाळा सुटल्यापासून तो इथून पायी गेलेला नाही.

"आई," तो मधेच उभा राहून म्हणाला, "तू हा चढ... नेहमी?"

"मग दूध कोण आणून देतं मला?"

तो माझ्या पावलांकडे बघत बघत चालत राहिला, आणि मला वाटलं तो भांडणाचा पुढचा मुद्दा शोधतोय. पण दाराशी आलो, मी किल्ली लावली, तेव्हा तो उंबऱ्यावर मटकन बसला. तोंड लाल, डोळे ओले, दोन्ही कशामुळे ते मी विचारलं नाही. त्याने फोन काढला, गुडघ्यावर धरून काहीतरी टाइप केलं, आणि ठेवून दिला.

"नको म्हणून कळवलं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला तरी मिळू दे."

"पाणी पी. मग बटाटे सोलायला ये."

तेवढ्यात खालून, वळणावरून, हॉर्न वाजला. एकदा. मग दोनदा. मग नेट्टीने हातच दाबून धरला असावा. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. क्लोद उठायला बघत होता, मी खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. ही एवढी मोठी, गुळगुळीत, काळीभोर मोटार आमच्या चढावर अर्ध्यात अडकून मदतीला हाका मारतेय, असं मी जन्मात पहिल्यांदाच ऐकत होते, आणि मला ते आणखी थोडा वेळ ऐकायचं होतं.